बटन बंद, पण न्यूट्रल जोडलेलाच: फोंडा तालुक्यातल्या एका घरातला आरसीसीबीचा फॉल्ट

तक्रार अशी होती. संध्याकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान घरातले सगळे दिवे एकदम जातात, शेजाऱ्यांकडे मात्र उजेड असतो. डीबी, म्हणजे घरातला वितरणाचा बॉक्स, उघडून पाहिलं तर एमसीबी (करंट फार वाढला की तोडणारे स्विच) सगळे वर, आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की तोडणारा स्विच) तेवढा खाली. वर केला की कधी टिकतो, कधी हात काढायच्या आत परत पडतो. पाऊस लागून राहिला की प्रकार वाढतो. एप्रिल-मे महिन्यात हे एकदाही झालेलं नाही.

घर सावईवेरें-केरीच्या बाजूचं, कुळागराला (पोफळी-माडांच्या बागेला) लागून. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मधोमध राजांगण, म्हणजे आतलं उघडं अंगण, आणि त्यात तुळशी वृंदावन. मूळ वायरिंग लाकडी पट्टीवरचं, नंतर त्यातलं अर्धं काढून पीव्हीसी पाइपात घातलेलं. इन्व्हर्टर त्याहून नंतर आला आणि त्याची लाइन कोणी कुठून घेतली याचा नकाशा कोणाकडेच नाही. गोव्यातल्या जुन्या घरांत हे नेहमीचंच. दर पिढीने आपापला वायरमन आणला, आणि प्रत्येकाने आधीच्याच्या कामावर आपलं काम चढवलं.

आमच्याआधी एक वायरमन येऊन गेला होता. आरसीसीबी खराब झालाय असं सांगून त्याने नवा बसवला. नवाही पडला. मग त्याने आरसीसीबीत जाणाऱ्या दोन्ही वायरी काढून पुढे थेट जोडल्या, म्हणजे आपल्या भाषेत डायरेक्ट केलं. आरसीसीबी डीबीत आपल्या जागी बसलेला, दिसायला व्यवस्थित, पण त्यातून काहीच जात नव्हतं. त्या दिवसापासून दिवे जायचे थांबले आणि घरचे खूश झाले. वेर्ण्याला कंपनीत कामाला असलेल्या मुलाने एक दिवस टेस्टचं बटन दाबून पाहिलं, काहीच हललं नाही, तेव्हा त्याला शंका आली आणि त्याने आम्हाला बोलावलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती. माटोळीला (गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांच्या सजावटीला) दिव्यांच्या माळा लागणार, घरात पाहुणे आणि लहान मुलं असणार.

माझ्याबरोबर आमचा शिकाऊ होता. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून अप्रेंटिसशिपला लागलेला, सत्तरी तालुक्यातला मुलगा. हाताने चलाख. पुस्तकातलं पाठ आहे, पण जुन्या घरातली डीबी उघडली की गोंधळतो, आणि यात त्याचा दोष नाही. आयटीआयच्या बोर्डावर प्रत्येक वायरला आपला रंग असतो. या घरात अर्थसाठी असते ती हिरवी वायर एका खोलीत फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, म्हणून वापरलेली होती.

डायरेक्ट केलेल्या घरात आधी काय

शिकाऊचा पहिला प्रश्न बरोबर होता. "दादा, आता पडत नाही, मग फॉल्ट शोधायचा कसा?" फॉल्ट शोधायच्या आधी त्याला मी हिशोब करायला लावला, कारण डायरेक्ट केल्याने नेमकं काय बिघडतं ते आकड्यांशिवाय कळत नाही.

या घराचं अर्थिंग म्हणजे मागल्या दारी जमिनीत गाडलेला एक पाइप. अर्थ टेस्टरने त्याचा रोध मोजला, १८ ओहम आला. चिऱ्याच्या जमिनीत पावसाळ्यात हा आकडा वाईट नाही, उन्हाळ्यात तो वाढतो. आता समजा वॉशिंग मशिनमध्ये फेज बॉडीला लागला. करंट बॉडीतून अर्थ वायरमध्ये, पाइपातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगला जाणार. तिकडचे दोन ओहम धरले तर एकूण वीस. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. मशिनचा एमसीबी १६ अँपिअरचा. तो साडेअकराला जन्मात पडणार नाही. आणि मशिनच्या पत्र्यावर त्या वेळी २३० मधले दोनशेहून जास्त व्होल्ट उभे असणार, कोणाचा तरी ओला हात लागेपर्यंत.

जिथे प्रत्येक घराचं अर्थिंग स्वतंत्र गाडलेलं असतं, तिथे बॉडी-शॉकपासून एमसीबी वाचवत नाही. वाचवतो तो आरसीसीबी. शिकाऊने वहीत हिशोब केला, मग एकदा डीबीकडे आणि एकदा न्हाणीघराकडे पाहिलं. पुढचं मला समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून पहिलं काम ठरलं: मेन पाडून आरसीसीबी परत लाइनीत घ्यायचा. घरच्यांना स्पष्ट सांगितलं की आजपासून लाइट परत जाणार, फॉल्ट सापडेपर्यंत जातच राहणार, आणि कोणी म्हटलं तरी परत डायरेक्ट करून घ्यायचं नाही. घरातल्या काकींना हे फारसं पटलं नाही. "आधीचा येऊन लाइट देऊन गेला, तू येऊन घेऊन जातोस," म्हणाल्या. वहिनींनी मात्र एक मोलाची गोष्ट दाखवली. लाइट गेली की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत वेळ लिहून ठेवायच्या. जवळजवळ सगळ्या नोंदी दिवेलागणीनंतरच्या. दुपारची एकही नाही.

पहिले संशयित

घरात आरसीसीबी पडायला लागला की बहुतेक वेळा गुन्हेगार गीझर असतो. त्याच्या एलिमेंटला बारीक चीर जाते आणि पाणी आत शिरतं. शिकाऊनेही गीझरच म्हटलं. गीझरचा प्लग काढला, फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र करून त्या आणि अर्थची पिन यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, लावला. वीस मेगओहमच्या वर. गीझर सुटला. फ्रिज, वॉशिंग मशिन, विहिरीवरचा पंप, मिक्सर, सगळे याच पद्धतीने सुटले.

इथे एक सवय शिकाऊकडून पक्की करून घेतली. उपकरण संशयातून सोडवायचं तर प्लग काढायचा. नुसतं बटन बंद करून चालत नाही. का, ते त्या वेळी मी सांगितलं नाही. पुढे त्याला ते स्वतःला सापडलं.

सगळे प्लग काढून ठेवले आणि संध्याकाळी थांबलो. पावणेआठच्या सुमारास आरसीसीबी पडला. शिकाऊने एकेक करून सगळे एमसीबी खाली केले आणि आरसीसीबी वर केला. पडला. म्हणजे एकाही सर्किटला फेज नाही, घरात एक दिवा लागलेला नाही, तरी आरसीसीबी म्हणतो गळती आहे. "आरसीसीबीच खराब," मुलगा म्हणाला. आधीचा वायरमन इथवर येऊन याच निष्कर्षाला पोचला होता.

आरसीसीबीच्या पोटात तागडी असते. फेजमधून गेलेला करंट एका पारड्यात आणि न्यूट्रलमधून परत आलेला दुसऱ्यात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दोघांतला फरक तीसला पोचला की पडलाच पाहिजे आणि पंधराच्या आत असेल तर पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. तागडीला हे कळत नाही की फरक फेजच्या बाजूने आलाय की न्यूट्रलच्या. आणि घरातले एमसीबी सिंगल पोलचे होते, म्हणजे फक्त फेज तोडणारे. ते सगळे खाली पाडले तरी प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल लिंकवर (सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवर) जसाच्या तसा जोडलेला राहतो. त्यातला एखादा न्यूट्रल कुठे जमिनीला टेकला असेल तर एमसीबी पाडून तो सुटत नाही.

आता प्रश्न पडतो की न्यूट्रलवर व्होल्टेज नसतं, मग तो अर्थला टेकला तरी करंट कुठला? व्होल्टेज असतं, थोडं. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या न्यूट्रल तारेत सगळ्या वाड्याचा, म्हणजे आसपासच्या वस्तीचा, परतीचा करंट असतो. तारेला रोध आहे, त्यामुळे आपल्या घराशी न्यूट्रल जमिनीपेक्षा काही व्होल्ट वर राहतो. आरसीसीबी खाली ठेवून त्याच्या वरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मी मीटर धरला. दुपारी मोजलं तेव्हा ०.८ व्होल्ट होते. संध्याकाळी, वाड्यातले टीव्ही, पंखे, मिक्सर, गीझर सगळं चालू असताना ३.६.

वहिनींच्या कॅलेंडरचं कोडं इथेच सुटलं. न्यूट्रल अर्थला कुठेतरी ओलाव्यातून टेकलाय आणि त्या वाटेचा रोध, आपल्या अर्थिंगसकट, नव्वद ओहम आहे असं धरा. दुपारी ०.८ भागिले ९० म्हणजे नऊ मिलिअँपिअर, आरसीसीबी ढिम्म. संध्याकाळी ३.६ भागिले ९० म्हणजे चाळीस, आरसीसीबी खाली. उन्हाळ्यात ओलावा जातो, ती वाट कोरडी पडते, रोध लाखांत जातो आणि घरात शांतता. आधीच्या वायरमनचा नवा आरसीसीबी चांगला होता. त्याआधीचा जुनाही बहुधा चांगलाच असणार.

लाइन मेली आहे याची खात्री

पुढचं काम डीबीच्या आत हात घालायचं, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ठेवलं. पावसाने उघडीप दिली होती. गडगडाट सुरू असेल तर सर्व्हिस वायरशी (खांबावरून घरात येणाऱ्या वायरशी) जोडलेल्या कशालाही हात लावायचा नाही, हा माझ्याकडचा नियम आहे आणि त्यात घरमालकाच्या घाईला सूट नाही.

शिकाऊ पोरांचा टेस्टरवर फार जीव. खिशातला तो लाल दांड्याचा निऑनचा टेस्टर लावायचा, पेटला नाही की हात घालायचा. टेस्टर कधी फसवतो ते मी त्याला लाकडी स्टुलावर उभं करून दाखवलं: फेजवर धरला तरी धड पेटला नाही, उजेडात तर दिसलाच नाही. उलट लांबवर समांतर गेलेल्या तुटक्या वायरीवर तो मंद पेटतो आणि नसलेली वीज दाखवतो. मेलेली लाइन ठरवायची ती दोन टोकांच्या मीटरने, आणि तीही अशी: आधी चालू पॉइंटवर मीटर लावून तो चालतोय हे पाहायचं, मग बंद केलेल्या लाइनवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजायचं, आणि शेवटी परत चालू पॉइंटवर जाऊन मीटर मधल्या मधे बिघडला नाही ना ते पाहायचं. हे शेवटचं पाऊल सगळे गाळतात. मीटरचा सेल नेमका मधेच उतरला तर शून्य दिसतं, आणि शून्य म्हणजे मेलेली लाइन असं वाचलं जातं.

मेन स्विच पाडला, कटआउटचे फ्यूज काढून शिकाऊच्या खिशात ठेवले. ज्याचा हात डीबीत, फ्यूज त्याच्याच खिशात. मेनवर "काम चालू आहे" ची पाटी लावली, कारण अशा घरात पंखा बंद पडलेला पाहून कोणीतरी आपुलकीने मेन चढवतंच.

"झालं?" मी विचारलं. "झालं," तो म्हणाला. माडीवरचा पंखा गरगर फिरत होता. इन्व्हर्टर.

घरी शिकणाऱ्या प्रत्येकाने इथे थोडं थांबावं. मेन पडला की इन्व्हर्टर आपलं काम सुरू करतो, त्याच्यासाठी ही वीज गेल्याचीच वेळ असते. इन्व्हर्टर बंद केला, त्याचा इनपुट प्लग काढला, आउटपुटची वायर सोडवून टोक कनेक्टरमध्ये झाकली. मग न्यूट्रल लिंकवरच्या काळ्या वायरी एकेक सोडवायला घेतल्या. नऊ-दहा असतील, दोन ठिकाणी एकाच भोकात दोन-दोन कोंबलेल्या, एकीवरही खूण नाही. प्रत्येकीला कागदी टेपची चिठ्ठी लावली.

त्यातली एक वायर सुटी ठेवून मी शिकाऊला एक प्रयोग दाखवला. वायरीचं टोक मोकळं हवेत ठेवलं, मीटरच्या एका चिमट्याने ते टोक आणि दुसऱ्या चिमट्याने लिंक पकडली. सगळ्यांना लांब उभं केलं आणि मग इन्व्हर्टर जोडून चालू केला. मीटरने सव्वादोनशेच्या आसपास दाखवलं. काळी वायर, न्यूट्रल, मेन पडलेला, त्या सर्किटचा एमसीबी खाली, आणि टोकावर पूर्ण व्होल्टेज! माडीवरच्या एका ट्यूबलाइटला फेज इन्व्हर्टरचा होता आणि न्यूट्रल त्याने खालच्या सर्किटचा उसना घेतलेला. बटन चालू राहिलेलं. फेज ट्यूबमधून येऊन त्या मोकळ्या टोकाशी थांबला होता. कोणी ते टोक एका हाताने आणि लिंक दुसऱ्या हाताने धरली असती तर परतीची वाट माणसातून झाली असती.

न्यूट्रल चावत नाही, असं पोरं एकमेकांना सांगतात. जोडलेला न्यूट्रल सहसा चावत नाही. सोडवलेला न्यूट्रल कोणाचा आहे हे माहीत नसेल तर तो फेज समजायचा. इन्व्हर्टर परत सोडवला आणि तिन्ही मोजमापं पुन्हा पहिल्यापासून केली.

सापडलं कुठे

आता मेगर. त्याआधी एलईडी दिवे आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जमतील तेवढे काढले. जिथे जमलं नाही तिथे त्या सर्किटचे फेज-न्यूट्रल एकत्र बांधले, म्हणजे ५०० व्होल्ट त्यांच्या आरपार जात नाहीत. आरसीसीबीही या मोजमापापुरता लाइनीतून सोडवून ठेवला. मेगरच्या दोन टोकांना त्या वेळी कोणीही हात लावायचा नाही, आणि वाचन झाल्यावर लाइन अर्थला टेकवून तिच्यात साठलेला चार्ज काढायचा.

एकेक न्यूट्रल अर्थशी मोजला. पन्नास मेगओहम, ऐंशी, दोनशेच्या वर, स्वयंपाकघराचा बारा, जुन्या पट्टीवरच्या वायरिंगचा सहा. सहा थोडा कमी, पण चालतो. मग एका चिठ्ठीवर काटा सरळ शून्याला गेला. तीच वायर साध्या मीटरच्या ओहमच्या रेंजवर मोजली तर ६५ ते ८० मध्ये आकडा नाचतोय, आणि मीटरची टोकं उलटी केली की वेगळाच येतोय. कोरड्या धातूचा धातूला स्पर्श असता तर आकडा स्थिर दिसला असता. नाचणारा आकडा म्हणजे मध्ये पाणी, आणि पाण्यात दोन वेगळे धातू.

ती वायर कोणत्या सर्किटची? ओसरी, देवघर आणि राजांगण.

काकी लगेच म्हणाल्या, "तुळशीकडचा दिवा नव्हे हो. त्याच्यावर आम्हाला पहिल्यापासून संशय होता. आठ-दहा दिवस लावलाच नाही तो, तरी लाइट जायचीच." आधीच्या वायरमननेही याच कारणाने ती लाइन सोडून दिली होती. शिकाऊ माझ्याकडे बघत होता, मग बटनाच्या पाटीकडे गेला, पाटी उघडली आणि म्हणाला, "दादा, बटन फेजला आहे. बटन बंद केलं तरी न्यूट्रल तुळशीपर्यंत तसाच गेलेला." गीझरचा प्लग का काढायला लावला होता, तेही त्याला त्याच क्षणी कळलं. घरच्यांचा प्रयोग चांगला होता. दिवेलागण आणि ट्रिप होण्याची वेळ जुळते हे त्यांनी बरोबर हेरलं, पण वेळ जुळत होती ती वाड्यातल्या लोडशी, तुळशीच्या दिव्याशी नव्हे. आणि दिवा न लावून त्यांनी फक्त फेज तोडला. बिघडलेली वायर दुसरी होती.

पुढे अर्धं-अर्धं करत गेलो. देवघराच्या दारावरच्या जंक्शन बॉक्समध्ये लाइन तोडली: देवघराची बाजू शंभराच्या वर, राजांगणाची बाजू शून्य. राजांगणातल्या खांबाच्या बुडाशी दुसरा बॉक्स होता, तिथे तोडली: वरची बाजू चांगली, खालची शून्य. वृंदावनापाशी दिवा सोडवला: दिवा चांगला. उरला मधला तुकडा, खांबापासून वृंदावनापर्यंत फरशीखालून गेलेला चारेक मीटरचा पाइप. वायर ओढून पाहिली, हलेना.

फरशी उचलायची म्हटल्यावर काकी पुढे आल्या. श्रावण चालू, तुळशीच्या पायाला हत्यार लागता कामा नये. ते शक्य होतं, कारण पाइप जिथे वळतो ती जागा वृंदावनापासून अलीकडे होती. एकच शहाबादी फरशी पहारीने अलगद उचलली. खाली एल्बो, आणि एल्बो कापल्याबरोबर त्यातून तांबडं पाणी बाहेर आलं.

जोड एल्बोतच होता. कोणाला तरी वायर हातभर कमी पडली असणार. न्यूट्रलला पीळ देऊन टेप गुंडाळलेली, टेपचा डिंक विरघळून ती सैल नळीसारखी सरकलेली. आतलं तांबं काळं पडलेलं आणि कडेला हिरवी भुकटी. अर्थ म्हणून पाइपातून उघडीच जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार नेलेली होती, ती गंजून फुगली होती आणि नेमकी त्या जोडावर टेकलेली. फेजचा जोड वीतभर पुढे, पाइपच्या चढावर, त्याची टेप अजून घट्ट. त्या वीतभर अंतरामुळे ट्रिपचं कोडं इतकं लांबलं. फेजचा जोड भिजला असता तर दिवा लावताच आरसीसीबी पडला असता आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं.

शिकाऊने विचारलं, तीन-चार व्होल्टची गळती, तिने कोणाला काय होणार होतं? तिने स्वतः कोणाला काही होत नाही. पण तिच्यामुळे घरचा आरसीसीबी डायरेक्ट झाला, हा एक धोका. दुसरा पावसाळ्यातला: माडाचं चुडत किंवा फांदी पडून खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला तर घरातल्या सगळ्या लोडचा परतीचा करंट याच भिजलेल्या जोडातून अर्थ वायरीत शिरतो, आणि अर्थ वायर तर घरातल्या प्रत्येक पत्र्याला जोडलेली. आरसीसीबी असेल तर तो तोडतो. डायरेक्ट असेल तर फ्रिजपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांच्या बॉडीवर व्होल्टेज येतं.

दुरुस्ती

जोड साफ करून नवी टेप लावली असती तर चवथ निभावली असती. तसं केलं नाही. जमिनीखाली टेपचा जोड टिकत नाही, गोव्यात तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुना पाइप दोन्ही टोकांना तोडून कायमचा सोडून दिला. खांबापासून वृंदावनाच्या कडेपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची आर्मर्ड, म्हणजे वरून धातूचं कवच असलेली, केबल घातली, मध्ये एकही जोड नाही. ते कवच, म्हणजे आर्मर, केबल घट्ट धरणाऱ्या ग्लँडमधून अर्थला जोडलं. खांबावरचा बॉक्स जोत्यापासून वर उचलला आणि तो व दिवा दोन्ही आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारे, बसवले. केबलची एंट्री बॉक्सच्या खालच्या बाजूने घेतली, वरून घेतली की पाणी केबलवरून ओघळत आत जातं.

राजांगण आणि बाहेरची लाइन वेगळ्या डबल पोल आरसीबीओवर काढली; हा एमसीबी आणि आरसीसीबी दोघांचं काम एकटा करतो आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो. म्हणजे उद्या बाहेर काही भिजलं तर बाहेरचंच जाईल, घर अंधारात बसणार नाही. इथे दोन गोष्टी चुकतात म्हणून मुद्दाम लिहितो. हा आरसीबीओ मुख्य आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घ्यावा लागतो. त्याच्यापुढे लावला आणि दोघेही ३० मिलिअँपिअरचे असले तर कोण आधी पडेल याचा भरवसा नाही. आणि त्याचा न्यूट्रल जुन्या सामायिक लिंकवर जाता कामा नये, तो त्याच्याच टर्मिनलवर. नाहीतर पहिला दिवा लागताच पडेल आणि परत कोणीतरी म्हणेल, माल खराब.

वायरी शिकाऊने जोडल्या, प्रत्येक स्क्रू घट्ट केल्यावर वायर ओढून पाहिली, मी मागून तपासलं. लाइन चालू करायचं काम मी केलं. मेलेल्या लाइनवर तो हवं ते करू शकतो, पण जिवंत डीबीत अजून परवाना नसलेल्या मुलाचा हात माझ्या कामावर जात नाही.

मग चाचण्या. नव्या केबलचा इन्सुलेशन रोध २०० मेगओहमच्या वर. सगळे न्यूट्रल परत जोडून घर एकत्र मोजलं, तीन मेगओहम. एवढी सर्किटं समांतर आली की एवढाच येणार, आणि एकच्या वर असला की मी लाइन देतो. बटन फेजवरच आहे ना, तुळशीच्या दिव्याच्या बॉडीपासून डीबीपर्यंत अर्थ सलग आहे ना, ते पाहिलं. आरसीसीबीवर त्याचा खास टेस्टर लावला: पंधरा मिलिअँपिअरला टिकला, बाविसाला पडला. तीसला टाइम मोजला तर ३०० मिलिसेकंदांच्या मर्यादेच्या बराच आत. त्यावरचं टेस्टचं बटन वहिनींना महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की बटन दाबून आतली यंत्रणा हलते एवढंच कळतं, अर्थिंग नीट आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

संध्याकाळी आठ वाजता, वाड्यातला लोड पूर्ण असताना, न्यूट्रल-अर्थ परत मोजला. ३.४ व्होल्ट, म्हणजे परिस्थिती तीच. आरसीसीबी वर. शिकाऊने एमसीबी पाडून, चढवून, गीझर लावून, पंप चालवून सगळे खेळ करून पाहिले. मग बाहेरच्या नळीने तुळशीच्या दिव्यावर पाणीही मारलं.

माडीवरच्या ट्यूबलाइटचा उसना न्यूट्रल तसाच ठेवलेला नाही, पण पूर्ण सुटलेलाही नाही. ती ट्यूब सध्या दोन्ही बाजूंनी सोडवून ठेवली आहे. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल वेगळा करायचा तर माडीवरची पट्टी उचकटावी लागेल, आणि चवथीच्या तोंडावर घरभर धूळ नको असं काकींनी सांगितलं. ते काम चवथ झाल्यावर. न्यूट्रल लिंकवर आता नऊ चिठ्ठ्या आहेत, कोणती वायर कोणत्या खोलीची आणि त्या दिवशी तिचा मेगर किती आला ते प्रत्येकीवर लिहिलेलं. पट्टीवरच्या सहा मेगओहमच्या सर्किटखाली शिकाऊने लाल रेघ मारून ठेवली आहे. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ते परत मोजायचं.